कुरण आणि दरी : तेविसाव्या स्तोत्राचे एक वाचन

मेंढपाळाच्या रूपातील प्रभू येशूची तसबीर नाही, असे घर आपल्या समाजात क्वचितच सापडेल. ओटीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, तिच्यासमोर लहानसा दिवा, आणि आतल्या खोलीच्या भिंतीवर, बहुधा कुणाच्या तरी लग्नात किंवा पहिल्या कम्युनियनच्या दिवशी भेट म्हणून आलेली, ही दुसरी तसबीर. हिरवेगार कुरण, मागे निळसर डोंगर, पुढे आरशासारखे पाणी, धुतल्यासारख्या पांढऱ्या मेंढ्या आणि त्यांच्यामध्ये कोकरू कवेत घेऊन उभा असलेला, झग्यावर एकही डाग नसलेला प्रभू. चित्राखाली तेविसाव्या स्तोत्राचा पहिला चरण छापलेला असतो. पुढचे चरण छापायला तिथे जागा नसते. प्रस्तुत लेख त्या न छापलेल्या चरणांविषयी आहे.

ह्या विषयाकडे आम्ही अभ्यासाच्या वाटेने आलो नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका घरी सांत्वनासाठी जाणे झाले. घरातला तरुण मुलगा अपघातात गेला होता. संध्याकाळची रोझरी संपली, आणि रीतीप्रमाणे कुणीतरी हे स्तोत्र वाचावयास घेतले. पहिला चरण पुरा होण्याआधीच मुलाची आई उठून स्वयंपाकघरात निघून गेली. मागाहून तिने आम्हांला सांगितले, आणि त्या सांगण्यात रागाचा लवलेशही नव्हता, की ज्यांचे काही गेलेले नाही त्यांच्यासाठी हे स्तोत्र ठीक आहे. आपल्याला काही उणे नाही असे आज आपण कोणत्या तोंडाने म्हणावे? आमच्यापाशी उत्तर नव्हते. बायबल वर्गात हे स्तोत्र आम्ही वर्षानुवर्षे शिकवले होते, आणि सगळे जे सांगतात तेच सांगितले होते : देव आपली काळजी घेतो, त्याच्यावर विसंबून राहावे. त्या रात्री घरी येऊन स्तोत्र पुन्हा उघडले, ते मात्र ह्या बाईच्या प्रश्नाने. आक्षेप स्तोत्रावर आहे की आपल्या वाचनावर, एवढेच पाहायचे होते.

प्रथम चित्राचाच विचार करू. ते कुरण आपले नाही, आणि दाविदाचेही नाही. तो युरोपातील कुठला तरी ओलसर, सदाहरित मुलूख आहे. यहूदियाचा डोंगराळ भाग कोरडा. हिवाळी पावसानंतर काही आठवडे तिथल्या उतारांवर हिरवळ दिसते आणि उन्हे तापली की जमीन पुन्हा तपकिरी होते. अशा मुलखात मेंढपाळ कळपाला कुरणावर ‘ठेवत’ नाही, कुरणापर्यंत ‘नेतो’. कुरण संपते आणि पुन्हा चालावे लागते. स्तोत्रातील जवळजवळ प्रत्येक हालचाल ही वाटेवरची आहे. चित्रातला मेंढपाळ मात्र उभा आहे.

आपल्यापैकी वाडीत, भातशेतीत किंवा समुद्रावर वाढलेल्यांना मेंढपाळ तसा परकाच. तरी अगदीच परका नाही. दिवाळी उलटली की फलटण-माणकडच्या कोरड्या मुलखातले धनगर घाट उतरून कोकणात येतात, आणि पावसाच्या आत परत फिरतात, कारण कोकणातला पाऊस त्यांच्या मेंढीला सोसत नाही. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात मेंढ्या बसवल्या की जमिनीला खत मिळते. त्या बदल्यात शेतकरी धान्य देतो. हे वाडे पाहिलेल्या वाचकांनी आठवून पाहावे. घोड्यावर लादलेले बिऱ्हाड, त्यावरच बांधलेली नुकती जन्मलेली कोकरे, घोडा हाकणारी बाई, एक माणूस पुढे, एकदोघे मागे, खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी. रात्री दोरीच्या जाळ्याचे कुंपण, म्हणजे वाघूर, लावून मेंढ्या आत घेतात आणि माणसे उघड्यावर निजतात. देशावरच्या माळरानात लांडगा आजही आहे, आणि तो मेंढी उचलतो. अंगाला मेंढीचा वास, पायाला भेगा, डोळ्यांत जाग्रण. यशया संदेष्ट्याने चाळिसाव्या अध्यायात देव कोकरांना उराशी धरतो आणि पोटुशा व पाजत्या मेंढ्यांना हळू चालवतो असे वर्णन केले, तेव्हा त्याच्या नजरेसमोर असाच कुणी माणूस असणार. आपल्या तसबिरीपेक्षा हा धनगर स्तोत्राच्या अधिक जवळचा आहे, असे आमचे प्रांजळ मत आहे.

आता स्तोत्राकडे वळू. (जुन्या मिस्साग्रंथांत हेच स्तोत्र बाविसावे म्हणून आढळेल; ग्रीक व लॅटिन प्रतींत क्रमांक एकाने मागे आहे. जुनी पुस्तके जपून ठेवलेल्या वाचकांचा गोंधळ होऊ नये म्हणून एवढे सांगितले.) शीर्षकात दाविदाचे नाव आहे, रचना त्याचीच की त्याच्या परंपरेतील कुणाची, हा वाद अभ्यासकांवर सोपवू. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा तो पहिल्याच चरणातील ‘उणे न पडण्या’चा उच्चार, ज्याने त्या आईला उठून जावे लागले. तिथे जे हिब्रू क्रियापद आहे, ते अनुवाद ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात अरण्यातील ४० वर्षांच्या संदर्भात येते, आणि नहेम्याच्या नवव्या अध्यायातही त्याच आठवणीसाठी येते. त्या ४० वर्षांत इस्राएली लोकांना काय मिळाले होते? दिवसापुरता मान्ना. दुसऱ्या दिवसासाठी साठवला तर त्यात किडे पडत. तहान लागली, साप चावले, एक अख्खी पिढी वाटेत पुरली गेली. ज्याने त्यांना चालवले तो मोशेही पलीकडे पोहोचला नाही. आणि तरीही मागे वळून पाहताना ते म्हणतात की उणे पडले नाही. म्हणजे ह्या शब्दात भरलेल्या कोठाराचा अर्थ मुळातच नाही. रोजच्या रोज पुढचे पाऊल टाकता येईल एवढे मिळत राहिले, असा त्याचा आशय आहे. स्तोत्रकाराच्या मनात निर्गमनाची वाट आहे ह्याला आणखीही आधार आहे. पुढे जे ताट मांडले जाते, त्याच शब्दांत अठ्ठ्याहत्तरावे स्तोत्र अरण्यातील लोकांचा कुत्सित प्रश्न सांगते, देवाला ह्या ओसाडीत पंगत मांडता येईल काय? आणि त्याच स्तोत्रात, तसेच सत्त्याहत्तराव्यातही, देवाने आपली प्रजा कळपासारखी नेल्याचा उल्लेख आहे. तेविसावे स्तोत्र हे त्या सबंध प्रवासाचे एका माणसाच्या तोंडी घातलेले रूप आहे.

दुसरी गोष्ट क्रमाची. आधी कुरण, मग पाणी, मग देव आपल्या नावाखातर योग्य वाटांनी नेतो हा उच्चार, आणि त्याला लागूनच काळोखी दरी. ‘वाटां’साठी वापरलेला शब्द चाकोरीचा आहे, पुष्कळांच्या जाण्यायेण्याने पडलेल्या वाटेचा. चरण तोडून वाचण्याची आपली सवय इतकी पक्की आहे, की ह्या दोन उच्चारांतील सलगपणा आपल्या लक्षातच येत नाही. मेंढरू वाट चुकले म्हणून दरीत गेले, असे स्तोत्र म्हणत नाही. योग्य वाटेवर चालत असतानाच दरी आली. मेंढपाळ पुढे असताना आली. एखाद्या घरावर आघात झाला की ‘काय पाप घडले असेल’ अशी कुजबुज सांत्वनाला आलेल्यांतच सुरू होते; ती आम्ही ऐकलेली आहे, आणि कधीकाळी गप्प राहून तिला साथही दिली आहे. त्या कुजबुजीला हे स्तोत्र कोणताच आधार देत नाही.

दरीच्या नावात ‘मृत्यूची छाया’ आहे की नुसता ‘दाट काळोख’, ह्यावर भाषापंडितांत मतभेद आहेत. जुन्या भाषांतरकारांनी शब्दाची दोन पदे करून मृत्यू वाचला. अनेक आधुनिकांना तो निबिड अंधाराचा एकच शब्द वाटतो. आमचा कल जुन्यांकडे आहे, आणि तो केवळ सवयीमुळे नाही. शब्दाची व्युत्पत्ती काहीही असो, पिढ्यान् पिढ्या मरणाऱ्यांच्या उशाशी तो ज्या अर्थाने उच्चारला गेला, तो अर्थही आता त्याचाच झाला आहे.

आणि इथेच, दरीत, ह्या कवितेत सर्वांत मोठी घटना घडते. ती व्याकरणात घडते, म्हणून सहज नजरेतून सुटते. आतापर्यंत स्तोत्रकार देवाविषयी बोलत होता : तो निजवतो, तो नेतो, तो जीव ताजा करतो. दरीत पाऊल पडताच ‘तो’चा ‘तू’ होतो. मराठीत तर केवळ मात्रा बदलते. कुरणावर असताना देव हा बोलण्याचा विषय होता. अंधारात तो बोलण्याचा सोबती झाला. शीर्षक सोडले तर मूळ हिब्रू स्तोत्र ५५ शब्दांचे आहे, आणि देव सोबत असल्याचे त्याला उद्देशून सांगणारे तीन शब्द त्याच्या बरोबर मध्यावर आहेत. २६ अलीकडे, २६ पलीकडे. ही मोजणी आमची नव्हे. अभ्यासकांनी ती पूर्वीच केलेली आहे. आकड्यांच्या योगायोगांवर आम्ही फारसे भाळत नाही, परंतु येथे आकडा जे दाखवतो ते कानालाही जाणवते. सबंध स्तोत्राचा भार ह्या एका जागी आहे.

त्या जागी स्तोत्रकार काय मागतो ते पाहावे. दरी टळावी अशी प्रार्थना तो करीत नाही. दरीत भय घेण्यासारखे काही नाही, असेही तो म्हणत नाही. आपण भिणार नाही एवढेच तो म्हणतो, आणि त्याचे कारण म्हणून उजेडाकडे बोट न दाखवता सोबतीकडे दाखवतो. धीर कशाने येतो, तर मेंढपाळाच्या हातातील दोन वस्तूंनी. एक सोटा, श्वापदाला हाणावयाचा. दुसरी काठी, टेकायची आणि कळप सावरायची. अंधारात मेंढराला मेंढपाळ दिसत नसेल. दगडावर आपटणाऱ्या काठीचा आवाज येत असेल. हे आमचे कल्पिणे आहे, स्तोत्रात तसे लिहिलेले नाही. पण घाटात रात्री कळपामागून चालणाऱ्या माणसाची काठी ज्यांनी ऐकली असेल, त्यांना ते पटावे.

आपल्या उपासनेत व घरगुती प्रार्थनेत हे स्तोत्र नेहमी एकटे येते. स्तोत्रसंहितेत ते एकटे नाही. त्याच्या लगेच आधी बाविसावे आहे, देवाने मला का टाकले असा टाहो फोडणारे. मत्तय व मार्क ह्यांच्या वृत्तान्ताप्रमाणे प्रभूने क्रुसावर ज्याचा आरंभ उच्चारला ते. संकलन करणाऱ्यांनी हे दोन शेजार हेतुपूर्वक जुळवले की नाही, कोण जाणे. पण वाचणाऱ्याला ते शेजार म्हणूनच भेटतात. एक पान उलटले की दुसरे. आमची तक्रार अशी, की आपण त्या आईच्या घरी तिसऱ्या दिवशी तेविसावे वाचले, आणि बाविसावे वाचलेच नाही. तिला टाहो फोडू न देता आपण तिच्या तोंडी समाधान घालायला गेलो. घाई आपली होती.

दरीनंतर चित्र एकदम बदलते. मेंढपाळाचा यजमान होतो, ताट मांडले जाते, मस्तकाला तेल लागते, प्याला ओसंडतो. काही समीक्षकांना हा सांधा खटकतो. मेंढराला ताट कशाला, असे ते विचारतात, आणि ताट म्हणजे डोंगरावरचे पठार अशी ओढून ताणून जुळणी करतात. ती आम्हांला पटत नाही. वाळवंटी मुलखातल्या आतिथ्याचा नियम ज्याला ठाऊक आहे त्याला हा सांधा खटकू नये : तंबूत आलेल्या पाहुण्याचे रक्षण यजमानाने करायचे असते. म्हणूनच पंगत वैऱ्यांच्या देखत आहे. वैरी गेलेले नाहीत. ते दाराशी उभे आहेत, आणि जेवण चालू आहे. ह्याहून कमी आश्वासन देणारी सुखाची कविता आम्ही तरी वाचलेली नाही.

मग शेवटचा चरण. तिथे देवाचे चांगुलपण आणि त्याची अढळ माया माणसाच्या मागे येतात असा आशय आहे, आणि भाषांतरांत तो बहुधा गुळगुळीत होतो. मूळ क्रियापद ‘रादाफ’ हे पाठलागाचे आहे. वैरी जसा पाठ सोडत नाही तसा. आयुष्यभर संकटांनी पाठलाग केलेल्या माणसाने मागे वळून पाहावे आणि आपल्या पाठीवर भलताच कुणीतरी धावत येताना दिसावा, असा काहीसा चकवा त्या शब्दात आहे. आपल्या मराठी भाषांतरकारांनी ह्या जागी अधिक धीट व्हायला हवे होते. ‘मागे येणे’ हे फार सभ्य झाले. आणि ह्याच चरणात ‘तू’चा पुन्हा ‘तो’ होतो. स्तोत्रकार परत देवाविषयी बोलू लागतो, पण ते बोलणे आता दरीतून आलेल्या माणसाचे आहे.

येथवर आल्यावर एका वेगळ्या आक्षेपाला तोंड द्यावे लागते, आणि तो तरुण वाचकांकडून येतो. आम्हांला मेंढरू व्हायचे नाही, असे ते म्हणतात. मान खाली घालून एकामागे एक जाणारा प्राणी हा श्रद्धेचा आदर्श कसा? आक्षेप रास्त आहे, आणि त्याला ‘नम्रता हवी’ एवढ्याने वाटेला लावणे आम्हांला लबाडीचे वाटते. उत्तर योहानाच्या दहाव्या अध्यायात आहे, परंतु ते आपल्या कानावर सलग पडत नाही. पुनरुत्थान काळातील चौथा रविवार हा उत्तम मेंढपाळाचा. (१९६९ च्या सुधारणेपूर्वी तो पास्कानंतरच्या दुसऱ्या रविवारी येई.) ह्या रविवारी योहानाचा दहावा अध्याय वाचतात, पण तीन वर्षांच्या चक्रात तीन तुकडे करून. पहिल्या वर्षी चोर आणि दार, दुसऱ्या वर्षी भाडोत्री राखणदार आणि लांडगा, तिसऱ्या वर्षी मेंढरे कुणी हिसकावणार नाही हे आश्वासन. तुकडे केले की गोष्ट हरवते.

सलग वाचले तर काय दिसते? नवव्या अध्यायात एक जन्मांध भिकारी डोळस होतो. धर्माचे अधिकारी त्याला दरडावतात, त्याच्या आईबापांना घाबरवतात, आणि तो आपले म्हणणे सोडत नाही म्हणून त्याला हाकलून देतात. दहाव्या अध्यायातील बोलणे ह्या हाकलण्याच्या पाठोपाठ आले आहे. मेंढरे परक्याचा आवाज ओळखत नाहीत, त्याच्यामागे जात नाहीत, उलट पळतात, असे जे प्रभू सांगतो, त्याचे जिवंत उदाहरण समोर उभे आहे : तो भिकारी. मेंढरू होणे म्हणजे कुणाच्याही मागे जाणे, असा अर्थ येथे निघूच शकत नाही. कान तयार असणे, आवाजाची पारख असणे, आणि खोट्या राखणदाराला नकार देण्याची छाती असणे, एवढे सगळे त्यात आले. पुढच्याच अध्यायात लाजरला नावाने हाक मारली जाते आणि तो थडग्यातून बाहेर येतो. विसाव्या अध्यायात रिकाम्या कबरीपाशी मरिया माग्दालियाला प्रभू समोर दिसूनही ओळखू येत नाही, नाव उच्चारल्यावर ओळखू येतो. मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, हे दहाव्या अध्यायातील विधान योहानाने असे दोन ठिकाणी कथेत उतरवले आहे.

पवित्र शास्त्रात मेंढपाळाची प्रतिमा हळवी कधीच नव्हती. ती मुळात राजकीय होती. बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने आपल्या कायद्याच्या शिलालेखात स्वतःला मेंढपाळ म्हणवले आहे. त्या काळी राजांची ती आवडती पदवी. तेव्हा देव माझा मेंढपाळ, असे म्हणणे म्हणजे राजा नव्हे, असे म्हणणेही होते. आणि राजा झालेला मेंढपाळ काय करतो, तेही शास्त्राने लपवलेले नाही. बथशेबेच्या प्रकरणानंतर नाथान संदेष्टा दाविदाकडे येतो आणि गरिबाची एकुलती एक मेंढी हिसकावून घेणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो. ज्याने लहानपणी कळपासाठी सिंह आणि अस्वल मारले, त्यालाच ही गोष्ट ऐकवली जाते, आणि ती आपलीच आहे हे त्याला समजत नाही. यहेज्केल, जो इ. स. पूर्व ५९७ मध्ये बंदिवान होऊन बाबिलोनला गेला, आपल्या ग्रंथाच्या चौतिसाव्या अध्यायात पुढाऱ्यांवर आरोपपत्रच ठेवतो : लोकर तुम्ही पांघरलीत, पुष्ट मेंढरे तुम्ही कापलीत, दुबळ्यांना बळ दिले नाहीत, आता कळप माझा मी सांभाळीन, असा देवाचा निरोप तो आणतो. बिशपांच्या हाती जो वळणदार दंड असतो तो मेंढपाळाचा आहे. त्या दंडाबरोबर हा अध्यायही हाती येतो, हे विसरून चालणार नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २८ मार्च २०१३ च्या प्रवचनात धर्मगुरूंच्या अंगाला मेंढरांचा वास यावा असे म्हटले, तेव्हा अनेकांना ते नवे वाटले. त्यात यहेज्केल जुनाच होता. त्यांच्यामागून पोप लिओ चौदावे ८ मे २०२५ रोजी निवडले गेले, आणि तीनच दिवसांनी आलेला रविवार नेमका उत्तम मेंढपाळाचा होता. आम्ही त्यात संकेत वगैरे शोधत नाही. पण नव्या पोपमहोदयांना पहिल्याच रविवारी तो विषय चुकवता आला नसता, ह्याची गंमत वाटते.

आमच्या मनात घोळणारा एक प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. मराठी ख्रिस्ती कवितेत ही प्रतिमा रुजली का? आमच्या मते फारशी नाही. मराठी भक्तीने विश्वासाचे रूप म्हणून आईला निवडले. विठ्ठल ही माउली, गाय वासरासाठी हंबरते, पाखरू पिलांकडे झेपावते. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगणारे नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनीही ख्रिस्ताला माउली आणि गुरू म्हणूनच हाक मारली, आणि ते स्वाभाविकच होते. मेंढपाळ आमच्या गीतांत आला तो भाषांतरातून, आणि भाषांतरितच राहिला. त्याच्या अंगावर घोंगडी कधी आलीच नाही. वास्तविक ह्या भूमीला मेंढके दैवत ठाऊक आहे. बाणाईसाठी खंडोबाने तिच्या बापाच्या घरी मेंढ्या राखल्या, ही कथा धनगर आजही गातात, आणि गुंथर सोंथायमर ह्यांच्यासारख्या संशोधकाने त्या परंपरेच्या अभ्यासाला आयुष्य दिले. आपल्या कवींना तो वास नकोसा वाटला असावा. की आपल्यालाच, धनगर म्हटले की, एक पायरी खाली पाहायची सवय?

आईच्या प्रतिमेत जे आहे ते मेंढपाळात नाही, हे आम्ही मान्य करतो. मूल आईच्या कुशीत विसावते. त्या विसाव्याला जोड नाही. परंतु आई घरी असते, निदान आपल्या कवितेत तरी. मेंढपाळ वाटेवर असतो. ज्याचे घरच मोडले आहे, ज्याला उद्यापासून निराळ्याच मुलखातून चालायचे आहे, त्याला कुशीपेक्षा वाटेवरचा सोबती अधिक कामी येतो. २०२०-२१ च्या साथीत मोजक्या चार माणसांत आपली माणसे दफन करावी लागली, तेव्हा टेलिफोनवरून स्तोत्रे वाचली गेली. त्या वेळी कुशी मिळण्याची सोय नव्हती.

रोममधील प्रिस्किल्लाच्या भुयारी दफनभूमीत तिसऱ्या शतकातले एक चित्र आहे. छतावर मध्यभागी मेंढपाळ, आणि त्याच्या खांद्यावर मेंढरू नसून बकरा. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेरडे डाव्या बाजूला काढली जातात, हे त्या चित्रकाराला ठाऊक नसेल असे वाटत नाही. तरी त्याने बकराच रंगवला, आणि तोही थडग्यांच्या वर, जिथे केवळ दिव्याच्या उजेडात तो दिसे. आपल्या भिंतीवरच्या तसबिरीपेक्षा हे चित्र ओबडधोबड आहे. पण ते दरीत काढलेले आहे.

त्या बाईंची भेट पुढे वर्षाच्या मिस्साच्या वेळी झाली. हे सगळे, म्हणजे वाट, दरी आणि ‘तू’, आम्ही त्यांना थोडक्यात सांगितले. काहीसे संकोचानेच, कारण दुःखी माणसापुढे व्याकरण काढणे बरे दिसत नाही. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या की त्या हल्ली रात्री ते स्तोत्र म्हणतात, पण मधूनच सुरुवात करतात, दरीपासून. पहिला चरण अजून म्हणवत नाही. आम्ही आग्रह केला नाही. तसबीर त्यांच्या भिंतीवर अजून आहे. खालची ओळ दिसू नये अशा बेताने त्यांनी तिच्यापुढे मुलाचा फोटो ठेवला आहे.